सूत्र लिहा, बल आपोआप मिळतं : ओपनएमएममध्ये सिलिकासाठी स्वतःचं पोटेन्शियल

सिकता
ओपनएमएम या रेणूंच्या हालचालींचं अनुकरण करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऊर्जेचं सूत्र साध्या मजकुराच्या ओळीत लिहून देता येतं. त्याचं अवकलन करून बल काढणं आणि ग्राफिक्स कार्डासाठी कोड बनवणं हे सगळं ते स्वतः करतं. बीकेएस या सिलिकाच्या पोटेन्शियलसाठी, म्हणजे अणूंमधल्या ऊर्जेच्या सूत्रासाठी (व्हान बीस्ट, क्रॅमर, व्हान सँटन, १९९०) मला हेच करायचं आहे. विद्युतभाराचा भाग नेहमीच्या नॉनबॉन्डेड फोर्समध्ये पीएमईने (दूरच्या भारांचीही बेरीज करणारी रीत) आणि बकिंगहॅमचा भाग (जवळच्या अंतरावरची ढकल आणि ओढ) कस्टम नॉनबॉन्डेड फोर्समध्ये, अशी मांडणी आहे. सूत्र असं:

ए*एक्स्प(-बी*आर) - सी/आर^६

(धाग्यात नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. स्क्रिप्टमध्ये तीच रोमन लिपीत आहेत.)

सिलिकॉन-ऑक्सिजनसाठी ए = १८००३.७५७२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, बी = ४.८७३१८ प्रति आंगस्ट्रॉम, सी = १३३.५३८१ इलेक्ट्रॉनव्होल्ट आंगस्ट्रॉम^६. ऑक्सिजन-ऑक्सिजनसाठी १३८८.७७३०, २.७६ आणि १७५. भार +२.४ आणि -१.२.

दोन प्रश्न. एक, असं मजकुरातून दिलेलं सूत्र हाताने लिहिलेल्या कोडपेक्षा फार हळू चालतं का? दोन, ४००० केल्व्हिनच्या वर काही हजार पावलांत अणूंचे निर्देशांक नॅन (संख्याच नाही) झाल्याचा संदेश येऊन रन थांबतो. पाऊल १ फेम्टोसेकंद. सूत्र दहादा तपासलं, एक अक्षर चुकलेलं नाही.

कणकण
सूत्र बरोबर आहे, चूक त्या सूत्राच्या स्वभावात आहे. अंतर शून्याकडे गेलं की एक्स्पचं पद फार तर ए एवढं होऊन थांबतं, पण -सी/आर^६ खाली खाली जातच राहतं. म्हणजे आत खोल खड्डा आहे आणि बाहेर एक ठेंगणा उंबरठा. भाराचं पद धरून सिलिकॉन-ऑक्सिजनचा उंबरठा ०.११९३६ नॅनोमीटरवर येतो, ऑक्सिजन-ऑक्सिजनचा ०.१४३९ वर. खोलीच्या तापमानाला तो कुणी ओलांडत नाही. ४००० केल्व्हिनला एखादी जोडी ओलांडते, आत पडते, आणि बल इतकं वाढतं की पुढच्याच पावलात निर्देशांक उडतात.

सॉफ्टवेअरने अवकलन अगदी अचूक केलं आहे. तुम्ही दिलेल्या ऊर्जेत खड्डा होता, त्याने खड्ड्याचं बल दिलं.

घाटमाथा
हे सगळं ओळीत लिहायचा खटाटोप कशासाठी? लॅम्प्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बक/कूल/लाँग (बकिंगहॅम अधिक भार) तयार आहे. मेटल एककं घ्या, इलेक्ट्रॉनव्होल्ट आणि आंगस्ट्रॉम तसेच चालतात, रूपांतराची भानगडच नाही. फक्त तिथे बी नाही, ऱ्हो द्यायचा असतो, म्हणजे १/बी: सिलिकॉन-ऑक्सिजनला ०.२०५२०५, ऑक्सिजन-ऑक्सिजनला ०.३६२३१९ आंगस्ट्रॉम. बी तसाच टाकला तर एकही चूक न दाखवता भलतंच पोटेन्शियल चालू राहतं.

कणकण
@घाटमाथा, बीकेएस आहे तसं चालवायचं असेल तर तुमचं म्हणणं मान्य. पण खड्डा लॅम्प्समध्येही तिथेच आहे. तो बुजवायला सूत्र बदलावंच लागतं, आणि तयार शैलीत बदल करायचा म्हणजे सी++ मध्ये उतरायचं, बलाचं सूत्र कागदावर काढायचं, चिन्ह चुकलं की शोधत बसायचं. शिवाय आता लॅम्प्समध्येही पेअर स्टाइल लेप्टन आहे. ओपनएमएममधलं सूत्र वाचणारं लेप्टन ते हेच. प्लुमेड आणि कोल्व्हार्स या जोड-सॉफ्टवेअरांमधलं कस्टम आणि कस्टम फंक्शन यांच्याही पोटात तेच आहे. एकदा व्याकरण शिकलं की चार ठिकाणी उपयोगी पडतं.

घाटमाथा
लेप्टन आलंय खरं. मग लॅम्प्सवाल्यांसाठी: हायब्रिड/ओव्हरले करून बक/कूल/लाँगवर लेप्टनची भिंत चढवता येते. सूत्रात मोकळ्या जागा असतील तर ते अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर ओळ तुटते.

रानजाई
एककांचं आधी बघा. ओपनएमएमच्या सूत्राला एककं कळत नाहीत. नॅनोमीटर, पिकोसेकंद, किलोज्यूल प्रति मोल आणि डाल्टन गृहीत असतात. पॅरामीटर म्हणून एककासह दिलेली संख्या पायथनचा थर बदलून घेतो, पण सूत्राच्या आत लिहिलेला आकडा आहे तसाच जातो.

१ इलेक्ट्रॉनव्होल्ट = ९६.४८५३ किलोज्यूल प्रति मोल धरून:
सिलिकॉन-ऑक्सिजन: ए ≈ १७३७०९८, बी = ४८.७३१८, सी ≈ ०.०१२८८४४६
ऑक्सिजन-ऑक्सिजन: ए ≈ १३३९९६.२, बी = २७.६, सी ≈ ०.०१६८८४९३

सी मध्ये हमखास घसरतात. आंगस्ट्रॉम^६ चं नॅनोमीटर^६ करताना १० चा सहावा घात, म्हणजे दहा लाखांनी भागायचं.

जायफळ
जोड्यांचे गुणांक कसे दिलेत? प्रत्येक कणाला ए, बी, सी देऊन सरासरी घेत असाल तर ते इथे चालणार नाही. सिलिकॉन-सिलिकॉनमध्ये बकिंगहॅमचं पद शून्य आहे. शून्य आणि ऑक्सिजनची किंमत यांची कुठलीही सरासरी काढा, सिलिकॉन-ऑक्सिजनचा आकडा मिळणार नाही.

सिकता
@जायफळ, नेमकी तीच शंका होती. सध्या तीन जोड्यांसाठी तीन वेगळे फोर्स, प्रत्येकाला इंटरॅक्शन ग्रुप, असं केलंय.

जायफळ
चालेल, पण तीन फोर्स म्हणजे तीनदा काम. त्याऐवजी प्रत्येक कणाला 'टाइप' हा एकच पॅरामीटर द्या, सिलिकॉन ०, ऑक्सिजन १. मग डिस्क्रीट टू-डी फंक्शनचे २×२ चे तक्ते जोडा आणि सूत्राच्या शेवटी लिहा: ए=एटेबल(टाइप१,टाइप२). बी आणि सी तसेच. चार्मचं एनबीफिक्स (ठरावीक जोड्यांना वेगळे आकडे) ओपनएमएममध्ये याच युक्तीने बसवलेलं आहे.

तक्ता सममित हवा. कुठल्या कणाला १ म्हणायचं आणि कुठल्याला २, हे सॉफ्टवेअर ठरवतं, आपण नाही. (०,१) आणि (१,०) वेगळे पडले तर उत्तराला अर्थ उरत नाही, आणि कुणी तुम्हाला अडवतही नाही.

पाऊलखूण
नव्याने येणाऱ्यांसाठी लेप्टनचं व्याकरण थोडक्यात. घातासाठी ^ लिहायचं, पायथनच्या सवयीने ** लिहू नका. लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग. कोन रेडियनमध्ये. अर्धविरामानंतर मधल्या किमती लिहिता येतात, पण क्रम उलटा: आधी वापर, मग व्याख्या. म्हणजे 'ए' वापरणारी ओळ डावीकडे आणि 'ए=...' तिच्या उजवीकडे. आणि नाव चुकलं तर फोर्स बनवताना काही बोलत नाही, कॉन्टेक्स्ट (प्रत्यक्ष चालणारी मांडणी) बनवताना अडतं. त्यामुळे चूक वरच्या ओळीत असताना बोट खालच्या ओळीकडे जातं.

चांदणचकवा
+१. उलट्या क्रमाचं दाराला चिकटवून ठेवावं असं आहे :)

अर्धवर्तुळ
अवांतर: 'डेरिव्हेटिव्ह'ला इथे सगळे अवकलन म्हणताहेत, आमच्याकडे विकलन म्हणायचे. आणि पोटेन्शियलला विभव म्हणावं की स्थितिज ऊर्जा?

रानजाई
अवांतराला अवांतर: या कामात पोटेन्शियल म्हणजे ऊर्जेचं सूत्र, म्हणून स्थितिज ऊर्जा जवळचं. विभव म्हटलं की विद्युत विभव डोळ्यांसमोर येतो आणि इथे तर भारही आहेत, गोंधळ होईल. कटऑफला मात्र चांगला शब्द सुचत नाही.

अर्धवर्तुळ
वेस? वेशीबाहेरचा कण हिशोबात नाही.

रानजाई
वेस आवडली! पुढे तीच वापरते.

सिकता
वेस मंजूर. आता खड्ड्याकडे येऊ या का? उंबरठ्याच्या आत भिंत घालायची तर सूत्र कसं लिहू? स्टेप(आर-आरसी)ने गुणून दोन तुकडे जोडायचा विचार आहे.

कणकण
स्टेपने गुणू नका. दोन कारणं.

पहिलं, स्टेपचं अवकलज लेप्टन शून्य धरतं. जोडणीच्या जागी ऊर्जेत उडी असेल तर त्या उडीचं बल कुठेच येत नाही. कण तिथून गेला की ऊर्जा हवेतून येते किंवा हवेत जाते. दुसरं, नको असलेल्या बाजूचं पद अनंत झालं तर शून्य गुणिले अनंत म्हणजे नॅन. त्यापेक्षा सिलेक्ट वापरा. तो दोन किमतींतली एक उचलतो, दुसरीला हात लावत नाही.

आता भिंत. उंबरठ्याच्या माथ्यावर एकूण बल शून्य असतं (भार धरून). तिथूनच आत वर चढणारा पॅराबोला लावला तर ऊर्जा आणि बल दोन्ही सलग जुळतात. अडचण एवढीच की भाराचं पद पीएमईकडे आहे आणि ते आतही चालूच राहतं. म्हणून भिंतीतून ते वजा करायचं:

सिलेक्ट(स्टेप(आर-आरसी), बक, भिंत);
बक=ए*एक्स्प(-बी*आर)-सी/आर^६;
भिंत=यूसी+०.५*के*(आरसी-आर)^२-१३८.९३५४५६*क्यू१*क्यू२/आर;
ए=एटेबल(टाइप१,टाइप२); बी=...; सी=...; आरसी=...; यूसी=...

१३८.९३५४५६ हा या एककांतला कूलंबचा स्थिरांक. यूसी म्हणजे उंबरठ्यावरची भारासकट जोडीची ऊर्जा: सिलिकॉन-ऑक्सिजनला सुमारे -२७.३, ऑक्सिजन-ऑक्सिजनला सुमारे +२०.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. स्क्रिप्टमध्ये मात्र हे गोल आकडे टाकू नका, तिथेच हिशोब करून पूर्ण दशांशांसह द्या, नाहीतर जोडणीत पुन्हा उडी येते. सिलिकॉन-सिलिकॉनसाठी आरसी शून्य ठेवा, म्हणजे भिंतीचा तुकडा कधीच निवडला जात नाही.

के किती? १०० इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति आंगस्ट्रॉम वर्ग, म्हणजे सुमारे ९६४८५३ किलोज्यूल प्रति मोल प्रति नॅनोमीटर वर्ग घेतला, तर सिलिकॉन-ऑक्सिजन जोडीचा (न्यूनित वस्तुमान सुमारे १०.२ डाल्टन) आवर्तकाल सुमारे २० फेम्टोसेकंद येतो. १ फेम्टोसेकंदाच्या पावलात एका आवर्तनाला वीस बिंदू मिळतात, पुरेसे आहेत. के दहापट केला तर पाऊल आखूड करावं लागेल.

घाटमाथा
पॅराबोलाऐवजी ३०-६ प्रकारचं लेनर्ड-जोन्ससारखं पद जोडायची रीतही वापरात आहे. त्यात तुकडे जोडायला लागत नाहीत, सगळीकडे गुळगुळीत. पण शेपूट बाहेरपर्यंत येते, म्हणून गुणांक मनाने ठरवू नयेत, प्रकाशित किमतीच घ्याव्यात. मला तरी तेच पटतं.

कणकण
दोन्ही चालतात. ३०-६ मध्ये मूळ बीकेएस किंचित बदलतं, पॅराबोलात उंबरठ्याबाहेर एक अंशही बदलत नाही. मूळ पोटेन्शियलशी आकडे पडताळायचे असतील तर पॅराबोला.

पाऊलखूण
एक सापळा राहिला: ऊर्जा किमान करण्याची पायरी. तापमान नाही म्हणून उंबरठा कुणी ओलांडणार नाही, असं वाटतं. पण ते करणारं एल-बीएफजीएस ऊर्जा कमी करायला लांब उडी मारतं, आणि खड्ड्यात ऊर्जा सगळ्यात कमी! यादृच्छिक मांडणीपासून सुरुवात केली तर ते आनंदाने खड्ड्यात जाऊन बसतं आणि काम फत्ते झाल्याचं सांगतं. म्हणून भिंत आधी, किमान करणं नंतर. सुरुवात क्रिस्टोबलाइटच्या स्फटिकापासून करून वितळवणं सगळ्यात सुरक्षित. १००० एकक सिलिका, म्हणजे ३००० अणू, काचेच्या २.२ ग्रॅम प्रति घन सेंमी घनतेला ३.५७ नॅनोमीटर बाजूच्या घनात बसतात.

सिकता
भिंत समजली, दोन्ही रीती करून बघते. दरम्यान नवीन अडथळा: बकिंगहॅमची वेस ०.५५ आणि पीएमईची ०.९ नॅनोमीटर ठेवली तर सीपीयूवर चालतं, कुडावर (ग्राफिक्स कार्डावर) कॉन्टेक्स्ट बनतच नाही.

जायफळ
एकाच फोर्स ग्रुपमधल्या सगळ्या फोर्सना एकच वेस हवी, अशी तिथे अट आहे. शेजाऱ्यांची यादी सामाईक असते म्हणून. बकिंगहॅमला सेट फोर्स ग्रुपने १ क्रमांक द्या, पीएमई ० मध्ये राहू दे. फायदा म्हणजे गेट स्टेटला ग्रुप सांगून दोन्हींची ऊर्जा वेगळी वाचता येते.

अशीच दुसरी अट वगळलेल्या जोड्यांची: सगळ्या नॉनबॉन्डेड फोर्समध्ये त्या तंतोतंत सारख्या हव्यात. तुमच्या सिलिकात बंधच नाहीत, म्हणून प्रश्न नाही. पण प्रथिनात हे करणाऱ्यांनी नॉनबॉन्डेड फोर्समधला प्रत्येक एक्सेप्शन कस्टममध्ये एक्सक्लूजन म्हणून घालावा. १-४ जोड्या नॉनबॉन्डेड फोर्समध्येच राहतात, त्यांचे आकडे एक्सेप्शनमध्ये असतात.

रानजाई
वेशीवरची उडीही बघा. ०.५५ ला ऑक्सिजन-ऑक्सिजनची बकिंगहॅम ऊर्जा सुमारे -०.५८ किलोज्यूल प्रति मोल आहे. तशीच कापली तर प्रत्येक जोडी वेस ओलांडताना तेवढी ऊर्जा गळते किंवा भरते, आणि एनव्हीईमध्ये (ऊर्जा स्थिर राहायला हवी अशा रनमध्ये) एकूण ऊर्जा सरकत राहते. स्विचिंग फंक्शन चालू करून ०.४५ पासून उतरवा. पण बीकेएसची घनता आणि दाब वेशीच्या निवडीला फार संवेदनशील आहेत. कुणाच्या आकड्यांशी ताडायचं असेल तर त्यांची वेस आणि कापण्याची रीत दोन्ही जशीच्या तशी घ्या. भार मोठे आहेत, म्हणून एवाल्डची सहनशीलता मूळच्या ०.०००५ वरून ०.००००१ वर आणा.

अर्धवर्तुळ
सूत्र 'बरोबर' आहे हे चालवण्याआधी ओळखायचं कसं?

कणकण
दोन कण. एवढंच. एक सिलिकॉन, एक ऑक्सिजन, रेफरन्स प्लॅटफॉर्म (हळू पण अचूक), वेस आवर्ती नसलेली, फक्त कस्टम फोर्स. अंतर ०.१६ नॅनोमीटर. ऊर्जा सुमारे -५४.१ किलोज्यूल प्रति मोल यायला हवी. बल सुमारे ५९८७ किलोज्यूल प्रति मोल प्रति नॅनोमीटर, दोघांना एकमेकांपासून दूर ढकलणारं. ऊर्जा ऋण आणि बल ढकलणारं बघून दचकू नका. बकिंगहॅमच्या भागाचा उतार तिथे तसाच आहे, ओढणारा भार पीएमईकडे आहे.

मग ०.०५ पासून ०.६ पर्यंत ०.००१ च्या पावलांनी सरका आणि ऊर्जेचा आलेख काढा. वरची भिंत घातली असेल तर आलेख उंबरठ्याच्या आत कसा दिसतो? सिलिकॉन-ऑक्सिजनसाठी भाराची वजाबाकी ओढीला रद्द करणारी, म्हणजे धन आहे, तेव्हा तो वर चढतो. प्रत्येक जागी (ऊ(आर+एच)-ऊ(आर-एच))/२एच हे ऋण चिन्हासह बलाशी ताडा, एच ०.०००१. हे रेफरन्सवरच करा. कुडावर एकेरी अचूकतेत दोन जवळच्या ऊर्जांची वजाबाकी केली की उरतो तो बहुतेक गोंगाट.

शेवटी तेच दोन कण कुडावर, आणि बल ताडा. इथपर्यंत जुळलं तर मोठा रन लावा.

चांदणचकवा
वाचनखूण साठवली. डायहेड्रलवाल्यांसाठी (चार अणूंमधला पिळाचा कोन) एक भर घालतो: कस्टम टॉर्शन फोर्समध्ये थीटा -π ते π असतो, म्हणून ०.५*के*(थीटा-थीटा०)^२ लिहिलं की टोकाला उडी येते. डी=ॲब्स(थीटा-थीटा०) घेऊन मिन(डी, २*पाय-डी)चा वर्ग करा, आणि पायची किंमत स्वतः लिहा. जागेवर बांधून ठेवायच्या अणूंसाठीही तसंच: सीमा आवर्ती असताना (एक्स-एक्स०)^२ नको, पिरिऑडिकडिस्टन्स वापरा.

सिकता
डायहेड्रलचा वेगळा धागा काढा, उपयोगी होईल. माझा पहिला प्रश्न मात्र राहिला: वेग.

जायफळ
कॉन्टेक्स्ट बनताना सूत्राचं झाड होतं, अवकलन होतं, सारखी पदं एकत्र होतात, मग त्यातून कार्डाचा कोड तयार होऊन कंपाइल होतो. सीपीयूवरही ते तिथल्या तिथे यंत्रभाषेत जातं. म्हणजे प्रत्येक पावलाला मजकूर वाचला जात नाही. आर^६ सारखे पूर्णांक घात गुणाकारांत मोडतात. अपूर्णांक घात असेल तर पॉव बोलावलं जातं, ते महाग. तुमच्या सूत्रात एक एक्स्प आणि काही तक्ते आहेत, पीएमईपुढे ते किरकोळ.

वेळ खातात त्या दोन गोष्टी. जे बदलायचं ते ग्लोबल पॅरामीटर करा. सेट पॅरामीटर स्वस्त आहे, पण सूत्राचा मजकूर बदलला तर कॉन्टेक्स्ट पुन्हा उभा करावा लागतो. आणि लाँग रेंज करेक्शन चालू असताना ग्लोबल पॅरामीटर वारंवार बदलू नका, दर वेळी ते समाकलन नव्याने होतं. बीकेएसला ते बंदच ठेवा, वेस हा त्या पोटेन्शियलचाच भाग आहे.

सिकता
भिंतीचा 'के' ग्लोबल पॅरामीटर करून टाकला, म्हणजे पाऊल आणि के यांची जोडी पुन्हा कंपाइल न करता बघता येईल. दोन कणांची तपासणी: ०.१६ ला -५४.१५ आणि ५९८७, रेफरन्स आणि कुडा दोन्हीकडे.

कणकण
छान. आता ऑक्सिजन-ऑक्सिजनचा आलेखही काढा. तिथे भारांचा गुणाकार धन आहे, म्हणून भिंतीतली वजाबाकी उलट दिशेला जाते आणि फक्त कस्टम फोर्सचा आलेख उंबरठ्याच्या लगेच आत आधी खाली जाताना दिसेल. घाबरू नका, पीएमईचा भाग मिळवून एकूण बघा, पॅराबोला वर चढलेला दिसला पाहिजे.